थंडीचा कारखानदार : हाइके कामरलिंग ओनेस

(बी. कॉम. भाग २)

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाने भरवलेल्या प्रदर्शनात मी सहज म्हणून डोकावलो होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे तिकडे तसे काही काम नसते. एका टेबलाभोवती गर्दी दिसली म्हणून पुढे झालो. थर्मोकोलच्या वाटीत द्रवरूप नायट्रोजन वाफाळत होता आणि त्यात एक काळी, रुपयाएवढी टिकडी बुडवलेली होती. त्या टिकडीवर एक लहानसा लोहचुंबक कशालाही न टेकता अधांतरी तरंगत होता. बोटाने ढकलला तरी तो पडेना. भौतिकशास्त्राच्या सरांनी सांगितले की ही टिकडी अतिसंवाहक आहे. म्हणजे पुरेशी थंड केली की तिच्यातून वीज कोणत्याही अडथळ्याविना वाहते. ही टिकडी भट्टीत भाजून तयार करतात, असेही ते म्हणाले. हा गुणधर्म प्रथम कोणी पाहिला, असे मी विचारले, तेव्हा हाइके कामरलिंग ओनेस हे नाव मी पहिल्यांदा ऐकले.

त्यानंतर ग्रंथालयात बसून ह्या गृहस्थांविषयी मिळेल ते वाचले. न्यूटन-आइन्स्टाइन ह्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचतो. ती वाचताना वाटते की शास्त्रज्ञ म्हणजे एकटा बसून विचार करणारा, लोकांपेक्षा निराळा माणूस. ओनेस तसे नव्हते. ते भांडवल, मजूर, कच्चा माल आणि हिशेब ह्यांची नीट सांगड घालणारे कारखानदार होते; फक्त त्यांच्या कारखान्यात माल तयार होई तो थंडीचा. म्हणूनच वाणिज्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्याविषयी चार शब्द लिहिले तर ते अगदीच गैर ठरू नये.

हाइके ओनेस ह्यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन ह्या शहरी झाला. वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना होता. आमच्या आजोळी, खानापूरकडे, कौलांच्या भट्ट्या आहेत. माती कोणती घ्यायची, किती मळायची, भट्टी किती तापवायची आणि मुख्य म्हणजे किती सावकाश निवू द्यायची, ह्यावर कौल टिकणार की तडकणार हे ठरते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. असेच काही हाइकेच्या कानांवरही पडत असणार. घरातील शिस्त कडक होती आणि कलेचेही वातावरण होते. धाकटा भाऊ मेन्सो पुढे नावाजलेला चित्रकार झाला.

इ. स. १८७० मध्ये हाइके ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी उत्रेख्त विद्यापीठाने ठेवलेल्या निबंधस्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. विषय होता वाफेची घनता मोजण्याच्या पद्धती. पुढे दोन वर्षे ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहोफ ह्या दोन दिग्गजांच्या हाताखाली शिकले. इ. स. १८७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. लंबकाच्या हालचालीवरून पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे सिद्ध करण्याचे नवे मार्ग, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूक होती आणि ती जन्मभर तशीच राहिली.

इ. स. १८८२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, लायडेनच्या प्राचीन विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी आपले धोरण जाहीर केले. मोजमापाच्या वाटेनेच ज्ञानापर्यंत पोहोचता येते, ही त्यांची श्रद्धा होती आणि प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर हे लिहून ठेवावे असे त्यांना वाटे. त्यांचेच देशबंधू फान डेर वाल्स ह्यांनी वायू आणि द्रव ह्यांच्या वागणुकीविषयी एक सुंदर सिद्धांत मांडला होता. तो खरा की खोटा हे पाहायचे तर वायू अतिशय थंड करून त्यांचे काटेकोर मोजमाप करणे भाग होते. ओनेस थंडीच्या मागे लागले ते ह्या कारणाने.

त्या काळी ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन हे वायू कधीच द्रव होणार नाहीत असे बरीच वर्षे मानले जात होते. इ. स. १८७७ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये ऑक्सिजनचे क्षणभर धुके दिसले आणि १८८३ मध्ये पोलंडच्या क्राकोव शहरी तो परीक्षानळीत शांतपणे साठवता आला. पण हे सारे थेंबाथेंबाचे काम होते. ओनेस ह्यांना थेंब नको होते, घागरी हव्या होत्या. एक वायू द्रव करून त्याच्या थंडीने दुसरा द्रव करायचा, दुसऱ्याच्या थंडीने तिसरा, अशी उतरंड त्यांनी रचली. ती उभी करायला दहा-बारा वर्षे गेली. एवढ्या काळात गाजावाजा होईल असा एकही शोध त्यांच्या हातून लागला नाही. पण १८९४ च्या सुमारास लायडेनच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवा ताशी चौदा लिटर ह्या हिशेबाने तयार होऊ लागली.

ह्या कारखान्याचे खरे भांडवल म्हणजे तिथली माणसे. पंप, झडपा, काचेची दुहेरी भांडी ही बाजारात मिळत नव्हती, आणि ती बनवणारे कारागीरही मिळत नव्हते. तेव्हा ओनेस ह्यांनी गावातील होतकरू मुले घेऊन त्यांना कातकाम, काच फुंकणे, यंत्रचित्रे काढणे शिकवायला सुरुवात केली. १९०१ मध्ये ह्या शिक्षणाला रीतसर शाळेचे रूप आले. मुले निळे डगले घालीत, म्हणून गावात त्यांना निळी पोरे म्हणत. यंत्रांचा प्रमुख फ्लिम आणि काचकामाचा उस्ताद केसेलरिंग हे दोघे ओनेस ह्यांचे उजवे-डावे हात. ती शाळा शंभर वर्षे उलटूनही लायडेनमध्ये चालू राहिली. पुस्तकी शिक्षण आणि हातातले कसब ह्यांच्यात आपल्याकडे जी भिंत आहे ती ह्या प्राध्यापकांनी ठेवली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण गाडी रुळावर आली न आली तोच मोठी धोंड आडवी आली. प्रयोगशाळा ज्या जागी उभी होती तिथे जानेवारी १८०७ मध्ये दारूगोळ्याने भरलेल्या एका जहाजाचा स्फोट होऊन दीडशेच्या आसपास माणसे मेली होती आणि गावाचा एक भाग जमीनदोस्त झाला होता. ही आठवण लोक विसरले नव्हते. प्रोफेसर साहेब त्याच जागी प्रचंड दाबाखालचे वायू साठवून ठेवतात हे कळताच १८९५ मध्ये नगरपालिकेने आक्षेप घेतला. चौकशी समिती बसली, कागद इकडून तिकडे फिरले आणि थंडीचे काम जवळजवळ तीन वर्षे बंद पडले. लंडनचे जेम्स ड्युअर, ज्यांच्या दुहेरी भांड्यावरून आपला थर्मास निघाला, ते ओनेस ह्यांचे प्रतिस्पर्धी होते. तरीही त्यांनी काम चालू ठेवू द्यावे म्हणून पाठिंब्याचे पत्र पाठवले. परवानगी मिळाली ती १८९८ मध्ये. त्याच वर्षी ड्युअर ह्यांनी हायड्रोजन द्रव करून शर्यत जिंकली.

गावकऱ्यांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. ज्यांच्या आजोबांचे घर स्फोटात गेले त्यांना भीती वाटणारच. ओनेस ह्यांनीही आदळआपट केली नाही. मिळालेल्या वेळात त्यांनी हायड्रोजनचे यंत्र पुन्हा पुन्हा आखले. ते १९०६ मध्ये पुरे झाले, म्हणजे ड्युअर ह्यांच्यानंतर आठ वर्षांनी. परंतु ते ताशी तीन-चार लिटर द्रव हायड्रोजन बिनबोभाट देऊ लागले. उशिराने आलेले पण भरवशाचे उत्पादन अखेरीस बाजार जिंकते, हे तत्त्व आमच्या पाठ्यपुस्तकात नसले तरी इथे खरे ठरले.

आता एकच वायू उरला होता, हीलियम. ह्या वायूच्या जन्मकथेशी आपल्या भागाचा संबंध आहे, हे मला कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या जमखंडीच्या मित्राला सांगताना फार आनंद झाला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रान्सचे यान्सन गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. सूर्याच्या कडेला उठणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात निरीक्षकांना रंगीत रेषा दिसल्या. हर्शेल ह्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन दिसल्या. त्यांतील मधली, पिवळसर रेषा पृथ्वीवरील कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. इंग्लंडमध्ये लॉकियर ह्यांनी त्याच वर्षी तिचा माग काढला आणि पुढे ती एका नव्या मूलद्रव्याची आहे असे ठरून त्याला सूर्यावरून हीलियम हे नाव पडले. पृथ्वीवर हा वायू सापडायला १८९५ साल उजाडावे लागले. तेव्हा रॅमसे ह्यांनी तो एका खनिजातून काढला.

असा हा दुर्मीळ वायू लिटरांनी आणायचा कोठून? इथे ओनेस ह्यांचे दुसरे एक बंधू, ओनो, उपयोगी पडले. ते ॲम्स्टरडॅममध्ये व्यापारविषयक माहिती देणाऱ्या सरकारी कचेरीचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या ओळखीतून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाची मोनाझाइट वाळू मिळवून दिली. ती वाळू तापवून, निघालेला वायू पुन्हा पुन्हा शुद्ध करून, महिनोन्‌महिने खपून सुमारे ३६० लिटर हीलियम जमा झाला. त्यातला दोनशे लिटर प्रयोगासाठी आणि बाकीचा राखीव निधीत ठेवला. हे वाचताना मला एखाद्या सावध व्यापाऱ्याची वही वाचल्यासारखे वाटले.

मार्च १९०८ मध्ये एक फजिती झाली. प्रयोगात पांढरे कण दिसले आणि हीलियम गोठला असे समजून ओनेस ह्यांनी ड्युअर ह्यांना तार केली. थोड्याच दिवसांत कळले की ते कण हीलियमचे नव्हतेच, त्यात राहून गेलेल्या हायड्रोजनचे होते. शुद्धीकरणात कसूर राहिली होती. ओनेस ह्यांनी चूक कबूल केली आणि सारा वायू पुन्हा शुद्ध करायला घेतला.

१० जुलै १९०८ चा दिवस पहाटे पावणेसहाला सुरू झाला. आदल्या दिवशीच ७५ लिटर द्रव हवा तयार ठेवली होती. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन जमला. चार वाजून वीस मिनिटांनी हीलियम यंत्रात सोडला. तापमान उतरत गेले, पण भांड्यात काहीच दिसेना. संध्याकाळ झाली, द्रव हायड्रोजनचा शेवटचा साठा जोडला गेला. तापमापी एका जागी येऊन अडकली होती. बातमी ऐकून आलेल्या प्राध्यापकांपैकी श्राइनेमाकर्स ह्यांनी सुचवले की तापमापी अडकली ती कदाचित द्रवातच बुडाल्यामुळे असेल. खालून दिवा धरून पाहिला आणि साडेसातच्या सुमारास द्रवाची धारदार कडा स्पष्ट दिसली. लहान कपात मावेल एवढा, सुमारे ६० घन सेंटिमीटर द्रव. त्याचे तापमान शून्याखाली २६९ अंश होते, म्हणजे ज्याच्या खाली जाताच येत नाही त्या निरपेक्ष शून्यापासून अवघे चार अंश वर. पृथ्वीवरील सर्वांत थंड जागा त्या रात्री लायडेनमध्ये होती. पुढली पंधरा वर्षे, १९२३ मध्ये टोरोंटोला हीलियम द्रव होईपर्यंत, जगात ही वस्तू दुसरीकडे कोठेच मिळत नव्हती.

हातात आलेल्या ह्या थंडीने काय मोजायचे? एक जुना वाद पडून होता. धातू थंड केला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो, हे माहीत होते. पण अगदी तळाशी गेल्यावर काय? कोणी म्हणत, रोध शून्य होईल. लॉर्ड केल्व्हिन ह्यांचे मत असे की विजेचे कणच गोठून बसतील आणि रोध उलट वाढेल. ओनेस ह्यांनी प्लॅटिनम आणि सोने घेऊन पाहिले. रोध कमी झाला आणि मग एका पातळीवर थांबला. सोने जितके शुद्ध, तितकी ती पातळी खाली. तेव्हा त्यांनी अनुमान काढले की उरलेला रोध हा भेसळीचा आहे, आणि धातू पूर्ण शुद्ध मिळाला तर तो हळूहळू नाहीसा होईल. सर्वांत शुद्ध करता येणारा धातू कोणता? पारा, कारण तो वाफ करून, पुन्हा थंड करून, हवा तितक्या वेळा गाळता येतो.

८ एप्रिल १९११ रोजी काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत भरलेला पारा द्रव हीलियममध्ये बुडवला गेला. यंत्रे फ्लिम सांभाळत होते, तापमानावर डोर्समान ह्यांची नजर होती आणि पंपांच्या धक्क्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत बसून रोध मोजण्याचे काम खिलेस होल्स्ट हा तरुण करीत होता. रोध इतका उतरला की मोजताच येईना. पुढच्या काही महिन्यांत अधिक बारकाईने पाहिल्यावर आश्चर्य वाढले. रोध अनुमानाप्रमाणे हळूहळू नाहीसा होत नव्हता. ४.२ अंश निरपेक्ष तापमानाजवळ तो कडा कोसळावा तसा एकदम कोसळत होता. हे कोणत्याच सिद्धांतात बसत नव्हते. अतिसंवाहकतेचा शोध लागला तो असा, बरोबर प्रश्न विचारून आणि उत्तराचा अंदाज चुकून.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ह्या शोधाच्या लेखावर नाव आहे ते एकट्या ओनेस ह्यांचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रयोगशाळेचे प्रमुख हेच लेखक. होल्स्ट पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले आणि नावारूपाला आले. पण ज्याच्या डोळ्यांनी तो शून्य प्रथम पाहिला त्याचे नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचत नाही. नफ्याची वाटणी करताना भागीदारांचा हिशेब पुरा झाला नाही, असेच म्हणावे लागेल. थोर माणसाचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही.

पुढचा निकाल तर आणखी गमतीचा. ओनेस ह्यांनी पाऱ्यात मुद्दाम दुसऱ्या धातूची भेसळ करून पाहिली. रोध तरीही नाहीसा झाला! ज्या शुद्धतेसाठी एवढा आटापिटा केला तिची ह्या कामी गरजच नव्हती. १९१२ च्या अखेरीस शिसे आणि कथील हे अगदी साधे धातूही अतिसंवाहक ठरले. शिशाची तार काढता येते, तिचे वेटोळे करता येते. त्याबरोबर ओनेस ह्यांच्यातला कारखानदार जागा झाला. सप्टेंबर १९१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्यांनी योजना मांडली. एक लाख गॉस शक्तीचे विद्युतचुंबक बांधायचे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेमतेम अर्ध्या गॉसचे, ह्यावरून ह्या आकड्याची कल्पना यावी. तांब्याच्या तारेने असे चुंबक करायचे तर ते थंड ठेवण्याचा खर्च एका युद्धनौकेइतका येईल असा तेव्हाचा अंदाज होता. शिशाच्या तारेत रोधच नाही, म्हणजे उष्णता नाही, म्हणजे तो खर्चही नाही. कागदावर हिशेब बिनचूक होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही मुख्यतः थंडीच्या कामासाठी आणि द्रव हीलियमसाठी.

चुंबक मात्र झाले नाही. शिशाच्या तारेचे हजार वेढ्यांचे वेटोळे केले, तर एक अँपिअरही वीज सोडण्याआधीच त्यातला चमत्कार संपे आणि रोध परत येई. प्रथम त्यांना वाटले की तारेत कोठेतरी खराब जागा राहिल्या असतील, ती अधिक चांगली काढली की काम होईल. १९१४ मध्ये मोजमापाने खरे कारण सांगितले. खुद्द चुंबकीय क्षेत्रच अतिसंवाहकतेला मारक होते. शिसे ६०० गॉसच्या आसपास हार मानत होते. एक लाख कोठे आणि सहाशे कोठे! म्हणजे वेटोळे स्वतः निर्माण केलेल्या चुंबकत्वानेच स्वतःचा घात करून घेत होते. ओनेस ह्यांनी हा निकालही जसाच्या तसा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांनी शिशाच्या बंद वेटोळ्यात वीज फिरती सोडली, बाहेरचा पुरवठा तोडला आणि जवळ ठेवलेल्या होकायंत्राच्या सुईवरून दाखवून दिले की वीज तासन्‌तास तशीच फिरते आहे. गुण खरा होता, पण त्याचा व्यवहारात उपयोग करता येईना. पाठोपाठ महायुद्ध सुरू झाले आणि हे काम मागे पडले.

युद्धकाळात आणि त्यानंतर ओनेस ह्यांनी भांडणाऱ्या देशांतील शास्त्रज्ञांमधील कटुता कमी करण्याचा प्रयत्न केला आणि अन्नटंचाईच्या देशांतील उपाशी मुलांसाठी मदत उभी केली. प्रयोगशाळेत ते करडे होते, हुकमी होते. पण आजारी मदतनिसाची विचारपूस करणारेही तेच होते. सत्तरीनंतर निवृत्त होऊन त्यांनी धुरा केसोम आणि द हास ह्यांच्यावर सोपवली. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी लायडेन येथे त्यांचे निधन झाले. हीलियम गोठवण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. केसोम ह्यांनी ती त्याच वर्षाच्या जूनमध्ये पुरी केली. त्यांच्या अंत्ययात्रेची एक गोष्ट सांगतात. चर्चमधील प्रार्थना लांबली म्हणून शवाची घोडागाडी वेळ गाठण्यासाठी वेगाने निघाली आणि काळे डगले, उंच टोप्या घातलेले फ्लिम आणि केसेलरिंग घामाघूम होऊन मागे धावू लागले. तेव्हा फ्लिम म्हणे पुटपुटले की म्हातारबुवा गेले तरी आपल्याला पळवणे काही सोडत नाहीत.

शिकागोला दाखवलेले ते एक लाख गॉस मात्र येणे म्हणून वहीत तसेच राहिले. ते वसूल व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले. १९६१ मध्ये अमेरिकेत निओबियम आणि कथील ह्यांच्या संयुगाची तार ८८,००० गॉसच्या क्षेत्रातही भरपूर वीज वाहून नेते असे आढळले आणि काही वर्षांतच लाखाचा टप्पा ओलांडला गेला. परंतु ही तार द्रव हीलियममध्येच ठेवावी लागते. पुढचे पाऊल पडले ते १९८६ मध्ये. झ्यूरिखजवळ बेडनॉर्त्स आणि म्यूलर ह्यांना तांब्याच्या ऑक्साइडची एक चिनी मातीसारखी ठिसूळ वस्तू पुष्कळ वरच्या तापमानाला अतिसंवाहक झालेली आढळली. दुसऱ्याच वर्षी इट्रियम, बेरियम आणि तांबे ह्यांचे ऑक्साइड ९३ अंश निरपेक्ष तापमानाला तसे झाले. म्हणजे महागड्या हीलियमची गरज संपली, स्वस्त द्रव नायट्रोजन पुरे. प्रदर्शनात पाहिलेली काळी टिकडी ती हीच.

पण नुसती भुकटी दाबून भाजली तर ती टिकडी कामाला येत नाही. ती लाडवासारखी असते, कण कणाला चिकटलेला. वीज एका कणातून दुसऱ्यात जाताना कडेलाच अडखळते. हवी ती खडीसाखरेसारखी, एकसंध स्फटिकाची. म्हणून टिकडी हजार अंश सेल्सिअसच्या थोडी वर नेऊन अर्धवट वितळवतात, वर विरजणासारखा एक लहानसा बीजस्फटिक ठेवतात आणि तासाला एखाद्या अंशाहूनही कमी वेगाने निववतात. त्या बिजापासून स्फटिक पसरत जातो. मग दिवसच्या दिवस मंद आचेवर ऑक्सिजन मुरवावा लागतो. चुंबकीय क्षेत्र ह्या पदार्थात बारीक दोरांच्या रूपाने शिरते. ते दोर हलू लागले की रोध परत येतो. ते जागच्या जागी अडकून राहावेत म्हणून स्फटिकात दुसऱ्या एका हिरव्या संयुगाचे सूक्ष्म कण मुद्दाम विखरून ठेवतात. ते खुंट्यांचे काम करतात. ज्या भेसळीला ओनेस ह्यांनी इतक्या कष्टाने हाकलले होते, तिलाच पुढच्या लोकांनी मोजून-मापून घरात घेतले.

तरीही एक अडचण उरली. क्षेत्र वाढले की आतल्या ताणाने टिकडी कौलासारखी तडकते. त्यावरही उपाय निघाले. कोणी चांदी मिसळली, कोणी भोवती पोलादी कडे आवळले, कोणी फटींत राळ भरली. जपानमध्ये तोमिता आणि मुराकामी ह्यांनी राळ मुरवलेल्या टिकड्यांच्या जोडीत २९ अंश निरपेक्ष तापमानाला १,७२,००० गॉस क्षेत्र कोंडून ठेवले. हे २००३ चे काम. २०१४ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी पोलादी कड्यात बसवलेल्या तशाच दोन टिकड्यांमध्ये, २६ अंशांना, १,७६,००० गॉसपर्यंत मजल मारली. बाहेरून वीज न देता, मुठीत मावतील एवढ्या तुकड्यांनी. शिकागोच्या आकड्याच्या पावणेदोन पट.

ह्या सगळ्याचा ताळेबंद मांडताना मला एक गोष्ट जाणवते. ओनेस ह्यांचे चुंबक फसले, पण त्यांनी वहीत ६०० हा आकडा प्रामाणिकपणे लिहून ठेवला. खराब तारेवर दोष ढकलून ते मोकळे झाले असते तर पुढची माणसे तारा सुधारत बसली असती. नेमके काय आडवे येते हे त्यांनी मोजून सांगितले, म्हणून पुढच्यांना त्यावर उपाय शोधता आला. तोट्याची खरी नोंद हीसुद्धा वारसदारांना दिलेली ठेव असते. शिवाय ज्या भट्टीच्या धुरात हे पोर वाढले, त्याच भट्टीच्या विद्येने, म्हणजे माती कोणती घ्यावी आणि किती सावकाश निवू द्यावी ह्या ज्ञानाने, त्यांचे राहिलेले येणे पुढे एकदा नव्याने चुकते झाले. पुढच्या प्रदर्शनात ती काळी टिकडी पुन्हा दिसली तर लोहचुंबकाकडे सगळेच पाहतील. माझ्या वाणिज्य शाखेच्या मित्रांनी टिकडीकडेही थोडे पाहावे, एवढेच सुचवतो.